पापांगीकार आणि शेजाऱ्याचा बांध

(वाचनासाठीं शास्त्रभाग : गणना ५:५–८, लूक १९:१–१०)



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत कोणी प्रार्थना करावयास उभा राहिला म्हणजे त्याच्या तोंडून एक वाक्य बहुतेक ठरलेलें निघतें. तें हें कीं, हे प्रभो, आम्ही पापी आहों, आम्हांस क्षमा कर. हें वाक्य खरें आहे. मंदिरांत दूर उभा राहून ऊर बडविणाऱ्या जकातदाराची प्रार्थना याहून लांब नव्हती, आणि तो नीतिमान ठरून घरीं गेला असें आपल्या प्रभूनें सांगितलें आहे (लूक १८:९–१४). परंतु तेंच वाक्य आठवड्यामागून आठवडा आणि वर्षामागून वर्ष नुसत्या ओठांवरून निघूं लागलें म्हणजे त्याची धार बोथट होते. आम्ही पापी आहों असें म्हणतांना कोणालाच लाज वाटत नाहीं, कारण सगळेच पापी. दहाजणांच्या घोळक्यांत उभें राहून मान खालीं घालणें सोपें असतें. मीं अमक्या मनुष्याचें अमुक केलें, असें एकट्यानें म्हणणें मात्र फार कठीण. आणि देव तर आपणांपासून हेंच मागतो.

यास्तव आज आपण एका जुन्या नियमाकडे लक्ष देऊं. इस्राएल लोक सीनायच्या रानांत तळ देऊन राहिले असतां परमेश्वरानें मोशेच्या द्वारें हा नियम त्यांस लावून दिला, आणि तो गणनेच्या पांचव्या अध्यायांत लिहिला आहे. कोणा पुरुषानें किंवा स्त्रीनें दुसऱ्या मनुष्याचा अपराध केला, तर तो परमेश्वराशीं केलेला विश्वासघात समजला जाई. अशा मनुष्यानें काय करावें? पहिलें, आपण केलेलें पाप कबूल करावें. दुसरें, जें घेतलें असेल तें सर्वच्या सर्व भरून द्यावें. तिसरें, त्यावर त्याचा पांचवा हिस्सा अधिक घालावा. चौथें, तें दुसऱ्या कोणास न देतां, ज्याचा अपराध केला त्यालाच द्यावें. आणि या सर्वांसोबत प्रायश्चित्तासाठीं एक मेंढा अर्पावा. पाहा, येथें देवाची वेदी आणि शेजाऱ्याचें दार हीं दोन्ही एकाच नियमांत आलीं आहेत. देवानें जीं जोडलीं आहेत तीं आपण तोडूं नयेत.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून आपल्याच शिवारांतलें एक उदाहरण घेऊं. असें समजा कीं, एक शेतकरी आहे. तो मंडळीचा सभासद आहे, रविवारीं उपासनेस येतो, दान देतो, गीतें गातो. त्याच्या शेताला लागून दुसऱ्याचें शेत आहे, आणि तो दुसरा ख्रिस्ती नाहीं. दरसाल नांगरटीच्या वेळीं आपला हा भाऊ बांधाच्या अंगानें एक तास अधिक घालतो. नांगर असो कीं ट्रॅक्टर असो, फाळ बांधाला चाटून जातो आणि वीतभर माती इकडे येते. एका वर्षांत तें कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. दहा वर्षांत मात्र बांध चार हात सरकतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दोघांचें क्षेत्र पूर्वीं होतें तेवढेंच आहे. सरकारी दप्तरांत एक अक्षरही बदललें नाहीं. बदललें आहे तें जमिनीवर, आणि त्या दोघांच्या मनांत. बांधाचा दगड सरकविणाऱ्याविषयीं नियमशास्त्रांत किती कडक शब्द आहेत तें अनुवाद १९:१४ व २७:१७ येथें वाचून पाहावें.

आतां हा भाऊ रविवारीं प्रार्थना करितो, आणि आपण पापी आहों असें म्हणतो. तो खोटें बोलत नाहीं. परंतु देवाला जें ऐकावयाचें आहे तें तो बोलतही नाहीं. त्याच्या प्रार्थनेंत पापी आहे, पण पाप नाहीं. क्षमेची मागणी आहे, पण बांधाचें नांव नाहीं. बंधूंनो, तुमच्या किंवा माझ्या प्रार्थनेंतून असाच कोणता बांध गळून राहिला आहे, हें आपण आपापल्या मनाला विचारूं या.

पहिली गोष्ट ही कीं, पापाला त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारिली पाहिजे. योहानाच्या पहिल्या पत्रांत (१:९) पाप कबूल करण्याविषयीं जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अक्षरार्थ 'तेंच बोलणें' असा आहे. म्हणजे देव ज्याला चोरी म्हणतो त्याला मींही चोरी म्हणावें. त्याला थोडीशी चूक किंवा गांवची रीत म्हणूं नये. देव ज्याला लबाडी म्हणतो त्याला मीं व्यवहार म्हणूं नये. आपल्या मराठी भाषेंत याच गोष्टीसाठीं 'पदरीं घेणें' हा सुंदर शब्दप्रयोग आहे. जें पदरीं घेतलें तें आपलें झालें. तें दुसऱ्याच्या ओटींत टाकतां येत नाहीं. शौल राजानेंही पाप केल्याचें तोंडानें म्हटलें. पण त्याच दमांत त्यानें लोकांच्या भीतीची सबब सांगितली, आणि वडील मंडळीपुढें माझा मान राख अशी शमुवेलाला गळ घातली (१ शमुवेल १५). शौलानें शब्द उच्चारिले, पण पाप लोकांच्या पदरांत टाकिलें. आपणही कितीदां असेंच म्हणतों! भावानें उचकविलें म्हणून, सावकारानें गांजलें म्हणून, वडिलांपासून असेंच चालत आलें म्हणून. हीं कारणें खरींही असतील. परंतु प्रार्थनेंत तीं आधीं आलीं कीं पाप मागें दडून बसतें.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत पापाला ऋण असें म्हटलें आहे. खेड्यांत राहणाऱ्याला ऋण म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. ऋण म्हटलें कीं धनको आला, रक्कम आली, तारीख आली. मी कर्जदार आहे एवढेंच बोलून कोणत्या सावकाराचें समाधान झालें आहे? कोणाचें, किती आणि कधींचें, हें सांगितल्यावांचून हिशेब उघडत नाहीं. मग देवापुढेंच आपण रक्कम न सांगतां हिशेब मिटवूं पाहतों, तो कां?

दुसरी गोष्ट ही कीं, जें परत देण्यासारखें आहे तें परत दिलें पाहिजे, आणि तेंही वर कांहीं घालून. पांच पायली ज्वारी दाबून ठेविली असेल त्यानें सहा पायली घेऊन जावें, असा त्या नियमाचा अर्थ. ही वरची पायली कशासाठीं? बांध कोरिला तेव्हां शेजाऱ्याचें केवळ मातीचें नुकसान झालें नाहीं. त्या मातींत आलेलें पीक गेलें, रात्रीची झोंप गेली, मनांत कढ राहिला, आणि माझें कोणी ऐकत नाहीं असा घाव त्याच्या जिवाला बसला. मूळ वस्तु परत केल्यानें हें सर्व भरून येत नाहीं, हें देव जाणतो. पांचवा हिस्सा हा व्याजाचा दर नव्हे. भाऊ, मीं तुझ्या वस्तूबरोबर तुझें मनही दुखविलें, असें हातानें सांगण्याची ती रीत आहे. लेवीय ६:१–७ येथें तर असें आहे कीं, ज्या दिवशीं दोषार्पण आणावयाचें त्याच दिवशीं ही भरपाई द्यावयाची. पेरणी होऊं दे, लग्नसराई उरकूं दे, मग पाहूं, असें त्यांत नाहीं. आणि आपल्या प्रभूनेंही डोंगरावरील प्रवचनांत हेंच शिकविलें : वेदीपाशीं आलेल्याला आपल्या भावाचें गाऱ्हाणें आठवलें, तर त्यानें अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाकडे जावें (मत्तय ५:२३–२४).

येथें कोणी म्हणेल, दावीदानें तर एक्कावन्नाव्या स्तोत्रांत आपण केवळ देवाविरुद्ध पाप केल्याचें म्हटलें आहे. मग आम्हीं मनुष्याकडे कशाला जावें? बंधूंनो, ह्या वचनाचा पुष्कळांनीं आडोसा केला आहे. दावीद तें बोलला तेव्हां उरीया मेलेला होता, आणि तो दावीदाच्याच पत्रानें मेला होता. दावीद हें विसरला नव्हता. त्याच स्तोत्रांत तो रक्तपाताच्या दोषांतून सुटका मागतो. मग त्या शब्दांचा अर्थ काय? अर्थ हा कीं, शेजाऱ्यावर मारिलेला घाव आधीं देवाला लागतो, कारण शेजारी देवाचा आहे. गणनेंतल्या नियमांतही तेंच आहे : मनुष्याचा अपराध हा परमेश्वराशीं विश्वासघात होय. यावरून पाप लहान होत नाहीं. तें अधिक मोठें होतें. ज्याला खरोखर वाटतें कीं मीं देवाचा घात केला, तो देवाच्या लेंकराच्या दारीं जावयास कसा लाजेल?

उलट बाजूनें दुसरा कोणी म्हणेल, मग भरपाई केली कीं क्षमा मिळाली. हा तर पुण्याचा सौदाच झाला! नाहीं, प्रियांनो, असें मुळींच नाहीं. जक्कयाची गोष्ट पाहा. तो यरीहोंतील जकातदारांचा मुख्य होता, श्रीमंत होता, आणि गर्दीमुळें येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला होता. प्रभूनें त्याला खालून काय सांगितलें? आधीं लोकांचे पैसे फेड, मग मी तुझ्या घरीं येतों, असें सांगितलें काय? नाहीं. प्रभु आधीं त्याच्या घरीं उतरावयास निघाला. लोक कुरकुरले, पण प्रभु गेला. आणि मग जक्कयाचे हात आपोआप सैल झाले. अर्धी मालमत्ता गोरगरिबांस आणि ज्याचें अन्यायानें घेतलें त्याला चौपट, असें तो सर्वांदेखत बोलला. नियमशास्त्राच्या पांचव्या हिश्शावर तो थांबला नाहीं. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे. क्षमा घरांत आल्याची ती खूण आहे. परंतु हेंही ध्यानांत ठेवा कीं, दारांतून क्षमा आंत आली आणि शेजाऱ्याचें धान्य मात्र कोठारांतून बाहेर गेलें नाहीं, असें होत नाहीं. तसें झालें असेल तर आंत कोण आलें याची चौकशी करावी.

आणि जें परत देतांच येत नाहीं, त्याचें काय? ज्याचें लुबाडलें तो मेला असेल. ज्या बापाला म्हातारपणीं भाकरीसाठीं तिष्ठत ठेविलें तो आतां मातीआड असेल. ज्या मुलीचें नांव कुचाळकीनें गांवभर केलें तिचें आयुष्य वाहून गेलें असेल. नाथानानें कोंकरीची गोष्ट सांगितली तेव्हां दावीदानें रागानें चौपट भरपाईचा निवाडा दिला (२ शमुवेल १२:६). पण उरीयाचा जीव तो चौपट कोठून देणार? एकपटही देणें त्याच्या हातीं नव्हतें. असे पुष्कळ हिशेब तुमच्या आमच्या घरांत पडून आहेत, आणि रात्रीं ते आपणांस झोंपूं देत नाहींत. त्या नियमांत यासाठींही तजवीज होती. भरपाई घ्यावयास मनुष्य उरला नाहीं, त्याचा जवळचा नातलगही उरला नाहीं, तर ती परमेश्वराला द्यावयाची होती. आणि त्या सर्वांवर प्रायश्चित्ताचा मेंढा होताच. तो मेंढा ज्याची छाया होता तो देवाचा कोंकरा वधस्तंभावर मेला. जें मी फेडूं शकतों तें फेडण्यास तो मला बळ देतो, आणि जें मला कधींच फेडतां येणार नाहीं तें त्यानें आपल्यावर घेतलें आहे. नाथानानें दावीदाला क्षमेचा निरोप दिला तेव्हां दावीदाच्या हातांत देण्यासारखें कांहींच नव्हतें. पापाची कबुली मात्र होती. ह्या वचनाला धरून राहा. ज्याचा धनको मेला आहे त्यानें निराश होऊं नये. आणि ज्याचा धनको बांधापलीकडे जिवंत आहे, त्यानें ह्या वचनाआड लपूं नये.

आतां मंडळ्यांतील उपदेशकांस व वडिलांस चार शब्द सांगतों, आणि ते मी स्वतःसही सांगतों.

जितक्यांपुढें पाप झालें तितक्यांपुढें तें कबूल व्हावें. जें पाप केवळ मनांत झालें तें देवापुढें उघडें करावें. जें एका मनुष्याविरुद्ध झालें तें त्याच्याकडे जाऊन सांगावें. जें सर्व मंडळीपुढें झालें तें मंडळीपुढें. कोणी दारू पिऊन घरीं बायकोला मारिलें आणि सभेंत उभा राहून रडला, तर सभा हळहळते; परंतु घरीं जाऊन तो तिच्यापुढें एक शब्दही बोलला नाहीं, आणि त्याचा हातही थांबला नाहीं, तर त्याचा पापांगीकार रस्ता चुकला आहे असें समजावें. त्या बाईला, तो रडला ना, आतां तूं गप्प बैस, असें कोणीं सांगूं नये.

दुसऱ्याचें पाप आपल्या प्रार्थनेंत घालूं नये. हे प्रभो, आमच्यांत जो कोणी पैशाची अफरातफर करीत आहे त्याला जागा कर, असें म्हटलें कीं सर्वांचे डोळे मिटलेले असूनही सगळे एकाच मनुष्याकडे पाहतात. ही प्रार्थना नव्हे, ही गुडघे टेकून केलेली चुगली होय. भावाचा दोष दिसला तर एकान्तीं त्याच्याकडे जावें, असा प्रभूचा नियम आहे (मत्तय १८:१५).

कोणी आपलें पाप विश्वासानें तुमच्यापाशीं बोलला, तर तें पोटांत ठेवावें. ज्या गांवांत रात्रीं कबूल केलेलें पाप सकाळीं पाणवठ्यावर पोंचतें, त्या गांवांत कोणीही पुन्हा तोंड उघडणार नाहीं, आणि त्याचा दोष ऐकणाऱ्याच्या माथीं येईल. मात्र कोणाच्या जिवाला किंवा लेंकराला इजा होत असेल, तर तें झांकून ठेवणें म्हणजे गुपित पाळणें नव्हे. तेथें दुबळ्याचा बचाव आधीं केला पाहिजे.

आणि आरंभ आपणच करावा. मंडळीच्या वर्गणीचा हिशेब, दुसऱ्या उपदेशकाविषयींचा मत्सर, न केलेल्या भेटीची लिहिलेली नोंद, हे आपले बांध आहेत. उपदेश करणाराच आपले बांध झांकून ठेवितो तेव्हां ऐकणारे तीच कला शिकतात.

इ. स. १९०५ सालीं पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनांत मोठी जागृति झाली, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. तेथें आश्रयास आलेल्या मुली व स्त्रिया, ज्यांतील कित्येक दुष्काळांतून वांचलेल्या होत्या, रडून आपलीं पापें कबूल करूं लागल्या, आणि पुढें त्यांच्यांतून टोळ्या सुवार्तेसाठीं आसपासच्या गांवांत गेल्या. आपल्या मंडळ्यांतही जागृति व्हावी म्हणून आपण प्रार्थना करितों, आणि तसें करणें योग्यच आहे. परंतु जागृति मोठ्या मंडपांतून आणि मोठ्या आवाजांतून येईल अशी वाट पाहत बसूं नये. ती कदाचित् एका बांधावरून येईल.

आतां आपण त्या शेतकरी भावाकडे परत जाऊं. सोमवारीं सकाळीं तो शेजाऱ्याच्या दारीं गेला तर काय होईल? मी तुम्हांस खोटी आशा दाखवीत नाहीं. शेजारी त्याला बसावयास घोंगडें टाकील, किंवा तोंडावर हंसेल. उद्यां मोजणी आणितों आणि तूं बोललास त्याला साक्षीदार करितों, असेंही म्हणेल. घरचे भाऊबंद म्हणतील, हा वेडा झाला, चार हात जमीन फुकट घालवून बसला. हें सर्व होऊं शकेल. तरी त्यानें जावें. कारण त्या शेजाऱ्यानें आजवर आपल्या उपासनेचीं गीतें लांबून ऐकिलीं आहेत, आणि दरसाल सरकणारा बांध जवळून पाहिला आहे. ख्रिस्ताविषयीं त्याला जें काय ठाऊक आहे तें त्या बांधावरूनच. बांध मूळच्या जागीं परत आला, तर त्या दिवशीं त्याला एक असें प्रवचन ऐकूं येईल, जें आपल्यापैकीं कोणालाही व्यासपीठावरून देतां आलें नसतें.

म्हणून आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं घटकाभर एकटे बसा. पापी आहों असें म्हणून थांबूं नका. एक पाप त्याच्या नांवानें देवापुढें ठेवा. मग विचारा, हें कोणाचें आहे, आणि उद्यां मीं कोणाच्या दारीं जावें? आणि उत्तर आलें कीं उशीर करूं नका.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आम्हीं तुझ्यापुढें पुष्कळ शब्द बोललों आणि आपलीं पापें त्या शब्दांखालीं पुरून ठेविलीं. तुला तीं दिसतात. तीं पदरीं घेण्याचें धैर्य आम्हांस दे. ज्याचें घेतलें त्याला परत देण्यास आमचा हात मोकळा कर, आणि त्याच्या दारापर्यंत आमच्या पावलांस ने. जें आम्हांस कधींच फेडतां येणार नाहीं, तें तुझ्या पुत्राच्या रक्तानें फिटलें आहे असा विश्वास धरून आम्हांस शांतीनें निजूं दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.